माडीवरचे न्हाणीघर आणि पायाखालच्या कड्या

खानापूर-बेळगावच्या बाजूस आणि गोव्यात जी जुनी माडीची घरे अद्याप उभी आहेत, त्यांच्या रचनेत आपल्या पूर्वजांचे एक साधे शहाणपण दिसून येते. चूल, विहीर आणि न्हाणी ही खाली, बहुधा घराच्या मागल्या अंगास. निजण्याच्या खोल्या आणि कपड्यांच्या पेट्या वर माडीवर. ओले खाली आणि कोरडे वर, असा तो नियम होता. माडीची जमीन लाकडाची असे, आणि लाकूड पिढ्यान्‌पिढ्या टिकते ते कोरडे राहिले तरच, हे त्या काळच्या सुताराला कोणी शिकवावे लागत नव्हते.

आता दिवस पालटले आहेत. घरातील वडील मंडळी माडीवर निजतात, त्यांचे गुडघे दुखतात, आणि पावसाळ्याच्या रात्री जिना उतरून, अंगण ओलांडून मागल्या दारी जाणे त्यांना झेपत नाही. रात्री जिन्यावरून पाय घसरला आणि त्यानंतर अंथरूण सुटलेच नाही, अशा घटना कोणत्याही गावात ऐकावयास मिळतात. म्हणून परगावी नोकरीस असलेला मुलगा पैसे पाठवितो आणि लिहितो की, यंदा आईबाबांसाठी वरच न्हाणीघर व संडास करून घ्या. ही इच्छा सर्वस्वी योग्य आहे, आणि तिच्या आड येण्याचा या लेखाचा हेतू नाही. परंतु काम कोणत्या क्रमाने करावे याविषयी चार गोष्टी सांगणे अवश्य आहे. बहुतेक घरी प्रथम फरशीचा रंग ठरतो, मग नळ, मग आरसा. आणि हे सर्व ज्याच्यावर उभे राहावयाचे त्या कड्यांकडे पाहण्याची पाळी शेवटी येते किंवा येतच नाही. क्रम नेमका उलटा असावयास हवा.

प्रथम शब्दांचा उलगडा करू. खालच्या खोलीत उभे राहून वर पाहिले म्हणजे एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत ओळीने गेलेली लाकडे दिसतात, त्या कड्या. त्यांवर ठोकलेल्या फळ्या म्हणजे पाट. म्हणून या बांधणीस कडीपाट म्हणतात. खोली मोठी असेल तर कड्यांच्या खाली आडवी टाकलेली जाड तुळई असते, आणि तिला खांबांचा किंवा भिंतीचा आधार असतो. माणूस पाटावर चालतो, पाट आपला भार कडीला देतो, कडी तुळईला किंवा भिंतीला देते. या साखळीतील एक दुवा कच्चा असेल तर बाकीचे कितीही भक्कम असून उपयोग नाही.

आता भाराचा हिशेब पाहू. राहत्या घराच्या जमिनीने माणसे व सामान मिळून दर चौरस मीटरला २०० किलो भार सोसावा, असे भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागात (१९८७) धरले आहे. सहा फूट रुंद व आठ फूट लांब अशा न्हाणीघराचे क्षेत्र सुमारे ४.५ चौरस मीटर भरते. म्हणजे तेथे सुमारे ९०० किलो भार आला तर तो नेहमीच्या अपेक्षेतला होय. गवंडी मात्र आपल्या नित्याच्या पद्धतीने काय करतो? पाटावर दोन इंच सिमेंटचा थर घालून त्यावर फरशी बसवितो. याचे वजन चौरस मीटरला सुमारे १२० किलो, म्हणजे एकूण ५०० किलोंहून अधिक. मग आडोशासाठी दोन बाजूंना साडेचार इंची विटांच्या भिंती, सात फूट उंच, दोन्ही अंगांनी गिलावा केलेल्या. यांचे वजन सव्वादोन टनांच्या घरात जाते. कोपऱ्यात २०० लिटर पाण्याचे पिंप ठेवले की आणखी २०० किलो, कारण एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. ही सर्व बेरीज जवळजवळ ३,००० किलो होते. पन्नास किलोंची तांदळाची साठ पोती एकाच कोपऱ्यात रचून कायमची तशीच ठेवावी, आणि मग त्यांवर माणसाने आंघोळीस बसावे, तसा हा प्रकार आहे. साठ पोती माडीवर चढविण्याचे कोणीही शहाणा गृहस्थ कबूल करणार नाही. पण वीट एकेक करून वर जाते, म्हणून तिचे वजन कोणाच्या ध्यानात येत नाही.

लाकडाचा एक स्वभाव येथे लक्षात ठेवला पाहिजे. चार माणसे आली, बसली आणि गेली, तर कडी किंचित वाकते व पुन्हा सरळ होते. परंतु जो भार उठतच नाही, त्याच्याखाली ती वर्षानुवर्षे थोडीथोडी अधिक वाकत जाते. म्हणून लग्नाच्या दिवशी माडीवर पन्नास पाहुणे बसले होते आणि काही झाले नाही, हा पुरावा विटांच्या भिंतीसाठी चालत नाही.

कडीचे बळ कशात असते? तिच्या रुंदीपेक्षा तिच्या उभ्या खोलीत. गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हा विचार मांडला आहे: तीच पट्टी आडवी ठेवली तर सहज मोडते आणि काठावर उभी धरली तर पुष्कळ भार सोसते. कडीची रुंदी दुप्पट केली तर बळ दुप्पट होते. खोली दुप्पट केली तर बळ चौपट होते आणि ताठपणा आठपट. या ताठपणाचेच न्हाणीघरात विशेष महत्त्व आहे. लाकडी पाट थोडा लवला तर बिघडत नाही. परंतु फरशी लवत नाही, ती तडकते. तडकलेल्या सांध्यातून पाणी खाली उतरते, आणि जे पाणी दिसत नाही तेच लाकडाचा घात करते. म्हणून लाकडी बांधकामाच्या भारतीय मानक ८८३ मध्ये असा नियम आहे की, फरशीसारखी ठिसूळ वस्तू ज्या लाकडावर बसवावयाची, ते आपल्या गाळ्याच्या ३६० व्या हिश्श्याहून अधिक लवू नये. इतर ठिकाणी २४० वा हिस्सा चालतो. गाळा म्हणजे दोन आधारांमधील अंतर.

एक उदाहरण घेऊ. दहा फुटांचा गाळा, तीन इंच रुंद व पाच इंच खोल अशा निरोगी सागवानी कड्या, दीड दीड फुटावर. नेहमीच्या भाराखाली अशी कडी मध्यभागी सुमारे १० मिलिमीटर लवते. लाकडी जमिनीस हे पुरेसे आहे, कारण तेथे साडेबारा मिलिमीटरपर्यंत चालते. फरशीस ते पुरेसे नाही, कारण तेथे मर्यादा सव्वाआठ मिलिमीटरची आहे. त्यावर सिमेंटचा थर आणि फरशी चढविली की लवणे १५ मिलिमीटरांवर जाते. म्हणजे पूर्वी अगदी निर्दोष असलेली माडी, तिच्यात कसलाही बिघाड झालेला नसताना, केवळ तिच्यावरील काम बदलल्यामुळे अपुरी ठरते. त्याच प्रत्येक कडीला तेवढ्याच मापाची दुसरी कडी नीट जोडली तर लवणे साडेसात मिलिमीटरांवर येते आणि नियमात बसते. कड्या बळकट करणे म्हणजे काय, हे या एका उदाहरणावरून ध्यानात येईल. विटांच्या भिंतींचा भार मात्र या हिशेबात धरलेलाच नाही. त्या भिंती माडीवर नकोतच.

हिशेबाच्या आधी तपासणी. ती पावसाळ्याच्या अखेरीस करावी, कारण ओल कोठे उतरते ते त्या वेळी उघड दिसते. खालच्या खोलीत तक्तपोशी ठोकून कड्या झाकल्या असतील तर निदान चार ठिकाणी ती काढावी. कडीच्या दोन टोकांमध्ये खालच्या अंगाने दोरी ताणून धरावी आणि मध्यभागी कडी दोरीच्या किती खाली आली आहे ते मोजावे. मग हातोडीच्या दांड्याने कडी ठोकीत जावे. निरोगी लाकूड खणखणीत वाजते, पोखरलेले बद्द वाजते. अणकुचीदार टोचा घेऊन, विशेषतः जेथे कडी भिंतीत शिरते तेथे, दाबून पाहावा. टोचा लोण्यात शिरल्यासारखा आत गेला तर ते टोक कुजले आहे असे समजावे. जांभ्या दगडाची भिंत पावसात पाणी पिते आणि भिंतीत पुरलेले कडीचे टोक ते पाणी शोषून घेते. त्यामुळे मधला भाग उत्तम आणि टोके मात्र कुजलेली, अशा कड्या पुष्कळ आढळतात. लाकडातील ओलावा शेकडा २० हून अधिक राहिला की कुजण्यास वाव मिळतो. याशिवाय मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी, आणि खाली पिठासारखी भुकटी पडलेली दिसली तर भुंगा, हेही पाहावे. सागाचा गाभा या शत्रूंना बराच दाद देत नाही, परंतु त्याच्या बाहेरच्या पांढुरक्या लाकडाला ते संरक्षण नसते.

दोष समजल्यावर उपाय. सर्वांत परिचित उपाय जोडकडीचा. जुन्या कडीच्या कुशीला, तिच्याइतकीच खोल आणि शक्यतो त्याच जातीची, पूर्ण वाळलेली नवी कडी लावावयाची. ती दोन्ही बाजूंच्या आधारांवर टेकली पाहिजे, आणि भिंतीवर निदान ७५ मिलिमीटर, म्हणजे तीन इंच, बसली पाहिजे. मानकाचेही तेच सांगणे आहे. मधल्या मध्ये ठोकलेला तुकडा मधला भाग ताठ करील, पण कुजलेल्या टोकाचे काम तो करू शकत नाही. दोन्ही कड्या एकजीव होण्यासाठी नुसते खिळे पुरत नाहीत. साधारण १२ मिलिमीटर जाडीचे बोल्ट, दीड दीड फुटावर, एक वर एक खाली अशा नागमोडी ओळीत, दोन्ही अंगांस मोठ्या चकत्या घालून आवळावेत. वर्षभराने ते पुन्हा एकदा आवळावेत, कारण लाकूड आकसते. भिंतीतील टोकाभोवती सिमेंट थापून ते कोंडू नये. खाली सपाट दगड द्यावा आणि बाजूंना हवा खेळेल इतकी फट ठेवावी.

जोडकडी लावण्यापूर्वी जुन्या कडीवरचा भार उतरवून तिला खालून टेकू द्यावा लागतो. येथे घाई करू नये. जॅक लावून एकाच दिवशी सर्व बाक काढण्याचा प्रयत्न केला तर जुने लाकूड चिरते आणि भिंतीचा गिलावा फुटतो. दिवसाला दोन-तीन मिलिमीटर, एवढेच उचलावे. ऐंशी वर्षांचा बाक पूर्ण जाणार नाही, आणि तो जाण्याची गरजही नाही. वरची पातळी नव्या कडीवर पाचर व पट्ट्या देऊन पाणसळीने साधता येते. टेकूचा पाय मात्र खालच्या फरशीवर तसाच ठेवू नये. रुंद फळी टाकून भार पसरवावा.

दुसरा उपाय, खालच्या खोलीची अडचण होत नसेल तर, गाळ्याच्या मध्यावर कड्यांच्या खालून नवी तुळई देण्याचा. याचा गुण विलक्षण आहे: गाळा निम्मा झाला की तेवढ्याच भाराखाली लवणे सोळाव्या हिश्श्यावर येते. ही तुळई लोखंडाचीही चालते. पण तिच्या टोकांखाली भक्कम भिंत हवी किंवा स्वतंत्र पाया असलेला खांब हवा. शेणमातीच्या जमिनीवर उभा केलेला खांब पुढच्या पावसाळ्यात स्वतःच खचेल. ज्या घरी जोडकडीस जागा नाही तेथे कडीच्या कुशीला पोलादी चॅनल बोल्टने बसवितात. त्यास गंजरोधक रंग दिलेला असावा. यांशिवाय कड्यांच्या मधे चार-पाच फुटांवर त्यांच्याच खोलीचे ठोकळे घट्ट बसवावेत. त्यामुळे एका कडीवर आलेला भार शेजारच्या कड्याही वाटून घेतात, आणि चालताना जाणवणारा हादरा कमी होतो.

इतके करून झाल्यावर नळाचे काम करणारा येतो, आणि एका दुपारी सर्व श्रमांवर पाणी पडू शकते. संडासाच्या जाड नळाला वाट हवी म्हणून तो करवत काढतो आणि कडीचा खालचा भाग कापतो. पाच इंच खोल कडीतून खालचा एक इंच गेला, तर त्या ठिकाणचे बळ एक तृतीयांशाहून अधिक गेले, आणि ताठपणा जवळजवळ निम्मा. कडीच्या मधल्या तिसऱ्या हिश्श्यात खाच मुळीच घेऊ नये. बारीक नळासाठी भोक पाडणे अटळ असेल तर ते कडीच्या उभ्या खोलीच्या मध्यावर, वरच्या व खालच्या काठांपासून दूर पाडावे, आणि खोलीच्या एक तृतीयांशाहून मोठे नसावे. जाड नळ कड्यांना समांतर, दोन कड्यांच्या मधून, सरळ बाहेरच्या भिंतीकडे न्यावा. यासाठी उत्तम उपाय असा की, सुतार, गवंडी आणि नळवाला या तिघांना एकाच दिवशी बोलवावे, आणि कोणीही हत्यार उचलण्यापूर्वी तिघांना खालच्या खोलीत कड्यांखाली उभे करून वाट ठरवावी. संडासाची जागाही त्या वेळीच, बाहेरच्या भिंतीलगत, ठरते.

यावर कोणी विचारील की, एवढे बळ देण्यापेक्षा भारच कमी करता येणार नाही काय? अवश्य येतो, आणि दोन्ही गोष्टी एकत्र कराव्यात. विटांच्या भिंतीऐवजी हलका सांगाडा उभारून त्यास सिमेंट-तंतूचे तक्ते लावले तर भिंतींचे वजन सव्वादोन टनांवरून पावणेतीनशे किलोंच्या आसपास येते. दोन इंची सिमेंटऐवजी पाण्यास टिकणारे प्लायवूड, त्यावर सिमेंटचा तक्ता, त्यावर जलरोधक लेप आणि पातळ चिकटमिश्रणावर फरशी, असे केले तर चौरस मीटरला ५० किलोंच्या आसपास भार पडतो. साठ पोत्यांची चौदा पोती होतात. पाण्याचे पिंप खोलीच्या मध्यभागी न ठेवता भिंतीलगत, कड्या जेथे टेकतात त्या बाजूस ठेवावे. मोठी टाकी तर माडीच्या जमिनीवर ठेवूच नये. तिला बाहेर, जमिनीपासून उभारलेला स्वतंत्र चौथरा हवा.

भारानंतर पाणी. जलरोधक लेप भिंतींवर निदान हातभर चढवावा आणि नळांच्या भोवती काळजीपूर्वक बसवावा. जमिनीस जाळीकडे ढाळ द्यावा, साधारणतः ऐंशी भागांस एक. फरशी लावण्यापूर्वी जाळी बंद करून इंचभर पाणी २४ तास तुंबवून ठेवावे आणि खालून प्रत्येक सांधा पाहावा. इंचभर पाण्याचा भार चौरस मीटरला २५ किलो असतो, म्हणून ही परीक्षा कड्या बळकट झाल्यानंतरच करावी. खालच्या तक्तपोशीत हातभर रुंद, स्क्रूने उघडता येणारे झाकण ठेवावे. वर्षातून दोनदा ते उघडून पाहिले तर गळती पहिल्या महिन्यातच समजेल. खिडकी लहान असली तरी ती हवीच. वाफ बाहेर न गेल्यास लाकूड तिला आत घेते.

लाकडास औषध देण्याविषयीही एक सूचना. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेसन यांनी १९३३ च्या सुमारास तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या क्षारांचे मिश्रण सिद्ध केले, आणि पुढे ते जगभर वापरले गेले. ते गुणकारी आहे, परंतु आर्सेनिक हे विष आहे. अमेरिकेत तर २००३ च्या अखेरीपासून घरगुती बांधकामासाठी असे लाकूड तयार करणे बहुतांशी बंद झाले. राहत्या खोलीत टाकणखार आणि बोरिक आम्ल यांचे द्रावण अधिक सुरक्षित. मात्र ते वाहत्या पाण्याने धुऊन जाते, म्हणून ते गळती थांबविण्याचे काम करील अशी अपेक्षा ठेवू नये.

शेवटी एक अप्रिय पण आवश्यक गोष्ट. काही माड्यांवर न्हाणीघर होऊच नये. अर्ध्याहून अधिक कड्यांची टोके कुजली असतील, भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा असेल, किंवा तुळईच दुभंगली असेल, तर तेथे जोडकड्या लावणे म्हणजे आजाऱ्याच्या खांद्यावर ओझे देणे होय. अशा वेळी, आणि शंका असेल त्या प्रत्येक वेळी, इमारतींचे काम जाणणाऱ्या अभियंत्यास प्रत्यक्ष घर दाखवावे. त्याचे शुल्क फरशीच्या खर्चात सहज सामावते. आणि दुसरी एक वाटही नेहमी खुली असते: न्हाणीघर वर नेण्याऐवजी वडील मंडळींची खोली खाली आणावी, आणि तिला लागून, पक्क्या जमिनीवर, हाताला धरावयास दांडी असलेले न्हाणीघर बांधावे. त्यात जिन्याचा प्रश्नही सुटतो. माडीवरून दिसणारे शेत किंवा रस्ता सोडून खाली येणे वृद्धांच्या जिवावर येते, हे खरे. म्हणून हा निर्णय मुलांनी आपसांत न ठरविता त्यांनाही विचारून घ्यावा. कड्यांची स्थिती त्यांना दाखवावी, आणि दोन्ही वाटांचा खर्च समोर ठेवावा.

ज्या घरी वरचे न्हाणीघर करावयाचे ठरेल, तेथे पैशाची वाटणी अशी करावी: प्रथम तपासणी, मग कड्या, मग नळ आणि जलरोधन, आणि जे उरेल त्यातून फरशी. फरशी साधी असली म्हणून कोणाचे अडत नाही. तिच्यावर उभ्या राहणाऱ्या म्हाताऱ्या पायांना आणि तिच्याखाली बसून अभ्यास करणाऱ्या मुलांना जे हवे, ते फरशीच्या खालीच असते.